निमगिरीच्या खिंडीतला डबा

१

रविंद्रने सॅकमध्ये कोपरापर्यंत हात घातला, चाचपलं, आणि मग सॅक सरळ उलटी केली. टॉवेल पडला, बॅटरी पडली, कानटोपी पडली. डबा काही पडला नाही.

"डबा न्हाई," तो म्हणाला.

दुपारचा एक वाजला होता. जुन्नरच्या पश्चिमेला निमगिरी आणि हनुमंतगड हे दोन किल्ले शेजारीशेजारी उभे आहेत. त्यांच्या मधल्या खिंडीत आम्ही चौघे जेवायला बसलो होतो. सकाळी निमगिरी झाला होता, आत्ता हनुमंतगड उतरून आलो होतो. पोटात कावळे ओरडत होते. सतरंजी अंथरली होती, कांदा फोडला होता, आणि ज्या डब्याची सकाळपासून जीपमध्ये चर्चा चालली होती, नेमका तोच नव्हता.

"नीट बघ राव," संपत म्हणाला.

"एवढा तीन खणांचा डबा, त्यात नीट काय बघायचं?" रविंद्र म्हणाला. त्याने रिकामी सॅक पुन्हा एकदा झटकली.

आम्ही चौघेही कळंबचे, शाळेत एकाच वर्गातले. संपत कांदा-बटाट्याचा बागायतदार, जीप त्याची. भगवंत झेडपीच्या शाळेत शिक्षक, त्यामुळे मित्र असूनही आम्ही त्याला गुरुजीच म्हणतो. रविंद्र विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून देतो. उन्हाळ्यात त्याच्या दुकानापुढे निम्मा गाव हात जोडून उभा असतो. आणि मी गोरख, दूध संस्थेत फॅट काढणारा. कोणाच्या किटलीत किती पाणी आहे ते मी दूध ओतताना नुसतं बघून सांगतो, म्हणून गावात मला फौजदार म्हणतात. शाळेतला हरवलेला टेपरेकॉर्डर मी शोधलाय, गेणभाऊंची बोकडं कोणी सोडली तेही मीच शोधलं. थोडक्यात, मला स्वतःच्या हुशारीचा बऱ्यापैकी माज होता. ही गोष्ट २००१ सालच्या डिसेंबरातली.

"फौजदार, लागा कामाला," संपत म्हणाला.

मी हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

२

आधी डब्याविषयी सांगतो, नाहीतर एका डब्यासाठी एवढा गाजावाजा कशाला, असं वाटेल.

दर डिसेंबरात आम्ही एक दिवस डोंगरात जायचो. बारा वर्षांचा रिवाज. जेवण संपतच्या नाहीतर माझ्या घरून असायचं. रविंद्र केळी, चिवडा, बिस्किटं आणायचा. हे असंच का, ते कोणी कधी विचारलं नव्हतं. रविंद्रचं घर बौद्धवस्तीत. त्याच्याकडे आम्ही चहाला गेलोय, तोही ओट्यावर बसून. बारा वर्षांत त्याच्या घरचा घास आमच्यापैकी एकानेही खाल्ला नव्हता. आम्ही जात पाळतो असं आमच्यातलं कोणीही कबूल केलं नसतं. फक्त जेवायची वेळ आली की कोणाला तरी घाई असायची, कोणाचं तरी पोट बिघडलेलं असायचं.

या वर्षी त्याची आई, बायडाबाई, आदल्या दिवशी स्वतः दूध संस्थेत आल्या. माझ्या टेबलापासून चार हात लांब उभ्या राहिल्या.

"गोरखभाऊ, यंदाचा डबा माझ्याकडनं. मासवडी करते. लसूण चालतो ना समद्यांना?"

"चालतो की मावशी," मी म्हणालो.

मासवडी म्हणजे आमच्याकडची खरी मेजवानी. बेसन घाटायचं, गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापायचं, वर तीळ-खोबरं-लसणाचं सारण पसरून गुंडाळायचं. हात भाजतात आणि अख्खी सकाळ जाते. मावशींचे दोन्ही गुडघे धरलेले. तरी चुलीपुढे बसून त्यांनी चार माणसांच्या मासवड्या केल्या, दोन खणांत भरल्या, तिसऱ्यात रस्सा. डबा रविंद्रच्या वडिलांचा. एसटीच्या वर्कशॉपात ते तो रोज न्यायचे. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं, भागुजी. ते वारून सहा वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून तो डबा फळीवरून खाली उतरला नव्हता.

हे सगळं रविंद्रने जीपमध्ये सांगितलं होतं, हसत हसत. त्याला इतकं बोलताना मी क्वचित पाहिलंय.

आता वेळांचा हिशेब. निमगिरी उतरून आम्ही खिंडीत परत आलो तेव्हा साडेअकरा झाले होते. रविंद्रने डबा काढला, रस्सा सांडला नाही ना ते पाहिलं, कडी लावली आणि पुन्हा सॅकमध्ये ठेवला. हे चौघांनीही पाहिलं. मग सॅका तिथेच ठेवून आम्ही हनुमंतगडाकडे निघालो. रविंद्र आणि मी पुढे. गुरुजी "आडोशाला जाऊन येतो" म्हणून पाण्याची बाटली घेऊन मागे राहिले. संपतचा गुडघा दुखायला लागला, तो पायऱ्यांच्या मध्यावर बसला. मीही एकदा खाली आलो, कॅमेरा सॅकमध्येच राहिला होता. खिंडीत तेव्हा कोणी दिसलं नाही. कॅमेरा घेऊन मी वर गेलो, आणि वीसेक मिनिटांनी गुरुजी धापा टाकत आले. शेवटी संपतही आला.

म्हणजे खिंडीत एकट्याने जायची संधी न मिळालेला माणूस एकच, ज्याचा डबा गेला तो.

"वानरं," संपत म्हणाला. "वानरांनीच नेला."

मी रविंद्रची सॅक हातात घेतली. कुठे फाटलेली नव्हती. डबा शोधायच्या आधी रविंद्रला दोन्ही बकलं उघडावी लागली होती, ते मी पाहिलं होतं.

"वानर बकल लावून जात न्हाई," मी म्हणालो. "माणसाचं काम हाय."

तेवढ्यात वरच्या अंगाला शेळीच्या गळ्यातली घंटी वाजली. आम्हा चौघांशिवाय खिंडीत आणखी एक माणूस होतं.

३

धोंडाबाई खांडीच्या वाडीतल्या. सत्तरीच्या असतील. उतारावर सात-आठ शेळ्या आणि एक काळं कुत्रं. सकाळी वर येताना त्यांनीच आम्हाला वाट दाखवली होती.

"ए आजी, खाली ये!" संपत ओरडला. त्या आल्या.

"आमचा डबा गेलाय. तू हितंच व्हतीस."

"मी पल्याडच्या अंगाला व्हते बाबा. शेरडं तिकडं गेलती."

"गाठोडं सोड."

धोंडाबाईंनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. एवढे चार शिकलेले, बूट घातलेले बाप्ये, कोणीतरी नको म्हणेल असं त्यांना वाटलं असावं. गुरुजी दुसरीकडे बघत होते. मी फौजदार, मला पुरावा हवा होता. त्यांनी खाली बसून गाठोडं सोडलं. एक भाकरी, दोन मिरच्या, कागदात मीठ, एक विळा.

"संपत, बास!" रविंद्र म्हणाला. त्याने पुढे होऊन ओणवं राहून मातीत पडलेली मिरची उचलली, पुसली आणि त्यांच्या भाकरीवर ठेवली. "आजी, चुकलं. बांधा तुमी."

"भाकर मागितली असती तर दिली असती मी," त्या गाठ मारता मारता म्हणाल्या. "पन मला एक सांगा पावणं, माझ्या कुत्र्याला तुमी काय खायला घातलं? मगाशी अर्धी भाकर टाकली, त्यानं हुंगून बी बघितली न्हाई. रोज दगड खाईल असलं हाय ते."

मी कुत्र्याकडे पाहिलं. ते सावलीत आडवं पडलं होतं, पोट टम्म. मी जवळ जाऊन बसलो. त्याच्या मिशांना पिवळं तेल लागलं होतं, आणि नाकपुडीशी एक तीळ चिकटला होता.

मासवड्या कुत्र्याने खाल्ल्या होत्या. पण कुत्र्याला कडी काढून कोणी दिल्या?

४

जेवण झालं एकदाचं. माझ्या भाकऱ्या, ठेचा आणि कांदा. रविंद्रने अर्धी भाकरी घेतली आणि तीही हातातच राहिली. मग उतरण्याआधी मी एकेकाला बाजूला घेतलं.

संपत चिडलाच. "माझ्यावर संशय? मला डब्याचं काय करायचंय? माझा आज उपास हाय, सकाळीच सांगितलंय!"

"रविवारचा कसला उपास?"

"नवस हाय. घरचा. तुला कशाला सगळं?"

"मग वर बिस्किटं कशी खाल्लीस? चार खाल्लीस, मी मोजली."

संपतचं तोंड उतरलं. तो टोपी काढून पुन्हा घालत बसला. "सोड ना गोरख," तो हलक्या आवाजात म्हणाला. "तुला कळतंय सगळं."

कळत होतं. म्हणून मी पुढे विचारलं नाही. "पायऱ्यांवर बसला व्हतास, तवा कोण खाली गेलं, कोण वर आलं?"

"तू खाली गेलास, वर आलास. मग बऱ्याच वेळानं गुरुजी आलं. मी उठलोच न्हाई. गुडघा बघ कसा सुजलाय."

गुडघा खरंच सुजला होता.

गुरुजी एका दगडावर बसले होते. हातात पांढराशुभ्र रुमाल. गुरुजींचा रुमाल नेहमी पांढरा आणि इस्त्रीचा. खिशात कागदी साबणाची डबी असते, वर्गातल्या पोरांनाही ते जेवणाआधी हात धुवायला लावतात. त्या रुमालावर आज लाल डाग होते.

"काय झालं?"

"करवंदीचा काटा लागला. किरकोळ आहे."

"बघू?"

"अरे, थांबलंसुद्धा." त्यांनी हात मुठीत घेतला. मला बोटं नीट दिसली नाहीत.

"तुमची पाण्याची बाटली निघताना भरलेली व्हती. वर आलात तवा रिकामी."

"झाकण सैल होतं. सांडली सगळी."

वर त्यांना तहान लागली होती हे मला आठवलं. रविंद्रने आपली बाटली पुढे केली होती, आणि गुरुजी म्हणाले होते, "असू दे, गोरखची जवळ आहे." मी तेव्हा माझी बाटली दिली होती. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

"अजून काही विचारायचंय?" गुरुजी म्हणाले.

"न्हाई," मी म्हणालो, आणि कुत्रं कुठून आलं होतं ते बघायला करवंदीच्या जाळीकडे निघालो.

५

जाळीमागे मुंग्यांची रांग लागली होती. माती तेलकट, लालसर. तिथेच रस्सा ओतलेला होता. कपारीत हात घातला तर गार स्टील लागलं.

डबा नीट होता. तिन्ही खण एकावर एक, कडी घट्ट. मी उघडला. आतून विसळलेला, कडेला साबणाचा बारीक फेस वाळलेला. झाकणावर ठिपक्यांचं नाव, भागुजी. दरी दहा पावलांवर होती. फेकून दिला असता तर कोणाच्या बापाला सापडला नसता. पण फेकणाऱ्याचा हात त्या नावापाशी अडला असावा.

मी तिथेच खाली बसलो आणि डोकं चालवायला लागलो. चोरी म्हटली की आधी हेतू बघायचा. डबा कोणाला हवा होता असं मी इतका वेळ शोधत होतो. तिथेच चुकत होतो. डबा कोणालाच नको होता. कोणाला नको होता, असं विचारल्यावर तीन नावं आली, आणि त्यातलं एक माझं होतं.

संपतने सकाळीच उपासाची सोय करून ठेवली होती. ज्याच्याकडे न जेवायची सबब तयार आहे, त्याला डबा नाहीसा करायची गरजच नव्हती. राहिलो मी आणि गुरुजी.

माझंही सांगतो. मी आदल्या रात्री बायकोला म्हणालो होतो, माझ्या भाकऱ्या जास्त बांध, मासवडी एखादी तोंडाला लावीन फार तर. का, ते तिनेही विचारलं नाही. आणि एक गोष्ट मी मघाशी गाळली. कॅमेरा आणायला मी खाली निघालो तेव्हा रविंद्र वरून ओरडला होता, "गोरख, माझी सॅक कपारीत सरकव रं, वानरं हाईत!" मी हो म्हणालो. खाली आलो, सॅक पाहिली. तिच्यापाशी जरा वेळ उभाही राहिलो. वानरांनी नेला तर बरंच होईल, असं माझ्या मनात आलं. स्पष्ट शब्दांत आलं. मी सॅकला हात लावला नाही आणि कॅमेरा घेऊन निघून गेलो. आणि एक वाजता रविंद्र "डबा न्हाई" म्हणाला, तेव्हा मला सगळ्यात आधी हलकं वाटलं.

मी डबा माझ्या सॅकमध्ये टाकला. खिंड उतरताना तो सापडल्याचं मी कोणालाही सांगितलं नाही.

वाडीत हातपंपावर सगळ्यांनी तोंडं धुतली. गुरुजींनी रुमाल चांगला खळखळून धुतला आणि जीपच्या बॉनेटवर वाळत घातला. उन्हात तो पसरलेला होता. लाल डाग गेले होते. त्याच जागी आता पिवळे डाग होते.

६

गुरुजी मारुतीच्या देवळामागे वीरगळ बघत उभे होते. मी जाऊन शेजारी उभा राहिलो.

"गुरुजी, रक्त धुतल्यावर पिवळं होत न्हाई."

ते वीरगळाकडेच बघत राहिले.

"हळदीला साबण लागला की लाल होते. साध्या पाण्यानं धुतली की परत पिवळी. आमच्या घरी माझी बायको दर आठवड्याला शर्टावरनं भांडते माझ्याशी. तुमी रस्सा ओतला, हात पिवळं झालं, डबा आन् हात साबणानं धुतलं. बाटली तिथं संपली. मग रुमालाला पुसलं."

गुरुजी देवळाच्या जोत्यावर बसले.

"मी आडोशाला होतो, तू कॅमेरा घेऊन गेलास ते पाहिलं," ते म्हणाले. "त्यानंतर मी... अरे, मी ठरवून नाही केलं. तो मोठ्या प्रेमाने वाढणार, समोर बसून. मला एक घास उतरला नसता. लहानपणापासून आजीने जे अंगात भरलंय ते जात नाही रे! आणि नाही तर कसं म्हणणार होतो? मी! दर चौदा एप्रिलला भाषण कोण करतं शाळेत? मी करतो. गेल्या वर्षी रविंद्र पहिल्या रांगेत बसला होता. तुमच्या सगळ्यांसमोर 'नको' म्हणायची मला लाज वाटली."

"म्हनून कुत्र्याला घातलं?"

"टाकून द्यायला मन झालं नाही. अन्न आहे शेवटी." हे बोलल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकवलं नाही. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग म्हणाले, "गोरख, वानरांवर घाल. माझ्यासाठी नको, त्याच्यासाठी. त्याला किती लागेल!"

मी फौजदार. पुरावा हातात, कबुलीही मिळालेली. मी खरं बोलायला हवं होतं. पण गुरुजींचं नाव घेतलं तर ते पुढे काय विचारतील ते मला दिसत होतं. ते सॅकेबद्दल विचारतील. आडोशाला उभं राहून त्यांनी मला तिच्यापाशी उभं राहिलेलं पाहिलं होतं.

"बरं," मी म्हणालो.

७

जुन्नरला चहाला थांबलो. संपत आणि गुरुजी हॉटेलात शिरले. रविंद्र ग्लास घेऊन बाहेर जीपला टेकून उभा राहिला. मी सॅकमधून डबा काढून त्याच्यापुढे धरला.

"सापडला. जाळीमागं व्हता. वानरांनीच नेला राव. मासवड्या खाल्ल्या आन् दिला टाकून."

रविंद्रने ग्लास बॉनेटवर ठेवला. डबा दोन्ही हातांनी घेतला, फिरवून पाहिला. कुठे पोचा नव्हता. मग त्याने कडी काढली, झाकणाला नाक लावलं.

"वानरांनी कडी बी लावली व्हय?"

"आपटून बसली असंल."

"आन् साबणानं धुतला?"

मी रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॅक्टरकडे बघत राहिलो.

"गोरख," तो म्हणाला, "तुला शोधता चांगलं येतं. खोटं बोलता येत न्हाई. कोण ते तुला कळलंय."

"रविंद्र, ऐक..."

"नाव नगं सांगू मला."

"का?"

"एकाचं नाव कळलं की बाकीचं दोघं सुटत्याल." त्याचा आवाज अजिबात चढलेला नव्हता, मोटारीचा कुठला वेढा जळालाय ते गिऱ्हाइकाला सांगतो तसा होता. "संपतचा उपास. तुझ्या आठ भाकऱ्या. आन् सॅक कपारीत सरकव म्हनलो व्हतो, परत आलो तवा हाय तितंच व्हती. मी काय आंधळा न्हाई. बारा वरसं मी बिस्किटंच आनली ना? ती काय मला उगंच आवडतात म्हनून? माझ्या आईला मी लई सांगितलं, नगं करू. ती म्हनली, आता जमाना बदललाय, तुझं दोस्त शिकलेलं हाईत."

मला त्याचे पाय धरावेसे वाटले. वाटलं फक्त. मी तिथे खांबासारखा उभा राहिलो.

"घरी काय सांगायचं ते मी बघतो," तो म्हणाला. "तुमी कुनी बोलू नगा."

त्याने उरलेला चहा रस्त्याकडेला ओतला आणि जीपमध्ये मागे जाऊन बसला, डबा मांडीवर घेऊन. नारायणगाव गेलं, कळंबचा फाटा आला, तरी त्याने डबा मांडीवरून खाली ठेवला नाही.

८

दिवेलागणीला आम्ही रविंद्रच्या दारात पोचलो. मावशी ओट्यावरच बसून वाट बघत होत्या. जीप थांबली तशा भिंतीला धरून उठल्या.

"आलात का? कशा झालत्या मासवड्या?"

"लई झ्याक," रविंद्र म्हणाला. "एक बी उरली न्हाई." त्याने डबा त्यांच्या हातात दिला.

मावशींनी तो हलवून पाहिला आणि अशा काही हसल्या, की मी मान खाली घातली. "आन् धुऊन बी आनला! गुरुजी, तिखट न्हाय ना लागलं तुमाला? मी तुमच्यासाठनं मिरची कमीच घातली व्हती."

"नाही मावशी," गुरुजी म्हणाले. जेमतेम ऐकू आलं.

"मग असं करा, आता आलाच हाय तर दोन घास खाऊनच जावा. सा वड्या मी मागं ठिवल्यात, मला वाटलंच व्हतं कमी पडत्याल. रस्सा गरम करते. या, हात धुवा."

संपतने स्टिअरिंगवरचा हात काढला नाही. गुरुजी अंगणात जीपजवळ जिथे होते तिथेच राहिले. मी ओट्याशी गेलो. खाली वाकलो, उजव्या बुटाची नाडी सोडली, बूट काढला. बारा वर्षांत पहिल्यांदा त्या घराच्या आत जायला मी बूट काढत होतो. दिवसभराचं सगळं पाप यातच फिटेल असं मला वाटत होतं.

रविंद्रने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आये, त्यांची पोटं भरल्यात," तो म्हणाला. "जाऊ दे त्यांना."

"आरं, दोन घास तरी..."

"नगं म्हनत्यात ते."

तो हे मावशींशी बोलत होता, पण बघत माझ्याकडे होता. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. एवढा थकवा मी त्याआधी कोणाच्याही तोंडावर पाहिला नव्हता. मावशी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्या मोज्याकडे बघत उभ्या राहिल्या. माझ्या तोंडून काहीतरी ऐकायची त्या वाट बघत होत्या.

"मावशी, मी जेवणार आहे." चारच शब्द होते. ते मी बोललो नाही. अंगणात एका पायावर उभं राहून बूट घातला, नाडी बांधली आणि जीपमध्ये जाऊन बसलो.